न झिजलेली वडी

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही तिघा मित्रांनी वर्गणी काढून एक जुनी पॉन्टून बोट घेतली. १९९४ सालची. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात तळ्यांना तोटा नाही आणि तळ्याकाठच्या घरांच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून असलेल्या बोटींनाही नाही. पॉन्टून म्हणजे दोन लांबलचक बंद नळकांडी, त्यांवर फळ्यांचा ओटा, ओट्याला कठडा आणि मागे टांगलेलं आउटबोर्ड इंजिन. १९५२ मध्ये याच राज्यातल्या रिचमंड गावच्या अँब्रोझ वीअर्स या शेतकऱ्याने पोलादी पिंपं एकाला एक जोडून त्यांवर लाकडी ओटा ठोकला, तिथून ही जात सुरू झाली. आता पिंपांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचे नळ असतात. आमचा एकेक नळ जेमतेम दोन फूट व्यासाचा आणि वीस फूट लांब. पूर्ण बुडाला तर दीड टनाहून जास्त पाणी बाजूला सारतो. आर्किमिडीजचा हिशोब शाळेत झालेला आहे, तो इथे पुन्हा मांडत नाही.

विकणारे आजोबा सज्जन होते. इंजिनाच्या तळाशी बसवलेली एक राखाडी वडी दाखवून ते कौतुकाने म्हणाले, "आठ वर्षं झाली लावून, जरासुद्धा झिजलेली नाही!"

माझ्या मनात पाल चुकचुकली. ती वडी झिजण्यासाठीच लावलेली असते.

घरी आल्यावर मल्टिमीटर काढला. एक टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर, दुसरं वडीवर. दोघांमधला रोध एक ओहमच्या आत यायला हवा होता. मीटर 'वाट बंद' असंच दाखवत राहिला. नखाने खरवडलं तर रंगाचा पापुद्रा निघाला. इंजिन चकचकीत दिसावं म्हणून कुणीतरी स्प्रेचा डबा फिरवला होता आणि वडीही रंगवून टाकली होती. मग आम्ही बोट ट्रेलरवर चढवली, एका नळात दोन-एक पीएसआय दाबाची हवा भरली (जास्त भरली तर वेल्डिंगचे सांधेच उसवतात) आणि सायकलचं पंक्चर शोधतात तसं साबणाचं पाणी फिरवलं. पाणरेषेच्या खाली, पांढऱ्या पुडीने भरलेल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या खड्ड्यांतून तीन ठिकाणी बुडबुडे आले.

आता हे खड्डे का पडले ते सांगतो. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो आहे.

दोन वेगळे धातू, त्यांना जोडणारी धातूची वाट आणि दोघांना भिजवणारं पाणी, एवढं जमलं की विद्युतघट तयार होतो. बोटीवर हे सगळं आयतंच असतं. पंख्याचा दांडा स्टेनलेस स्टीलचा, इंजिनाची खालची पेटी अ‍ॅल्युमिनियमची, बोल्ट तिसऱ्याच धातूचे. अ‍ॅल्युमिनियमचा अणू तीन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयन होतो आणि पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन धातूतून स्टीलकडे जातात आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन त्यांचा फडशा पाडतो. स्टीलला काही होत नाही. ते फक्त दुकान उघडून बसलेलं असतं. उधळपट्टी होते ती अ‍ॅल्युमिनियमची. अशा वेळी इलेक्ट्रॉन आणखी सढळ हाताने देणारा तिसरा धातू त्याच साखळीत जोडला, तर ऑक्सिजनची भूक तो भागवतो आणि अ‍ॅल्युमिनियम वाचतं. हा तिसरा धातू म्हणजे ती वडी, बळी जाणारा अ‍ॅनोड. रंगवलेल्या वडीला पाण्याचा स्पर्शच नाही, मग ती बळी जाणार कशी? तिच्याऐवजी बोट गेली.

पण थांबा. दहावीच्या पुस्तकातली धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी आठवा. अ‍ॅल्युमिनियम जस्ताच्या वर आहे. प्रमाण विद्युतविभव (हा आकडा जितका जास्त उणे, तितका धातू इलेक्ट्रॉन सढळ हाताने देतो) बघितलं तर अ‍ॅल्युमिनियमचं उणे १.६६ व्होल्ट आणि जस्ताचं उणे ०.७६. म्हणजे पुस्तकाप्रमाणे अ‍ॅल्युमिनियमनेच जस्तासाठी बळी जायला हवं. तरीही कोकणापासून नॉर्वेपर्यंत समुद्रातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनांना जस्ताच्या वड्या लावतात आणि त्या काम करतात. पुस्तक चुकलं का?

नाही. पुस्तकातला आकडा उघड्या अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि उघडं अ‍ॅल्युमिनियम तुम्ही-आम्ही कधी पाहिलेलंच नाही. ओरखडा काढला की डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. जाडी फक्त दोन-चार नॅनोमीटर, पण चिवट. या पांघरुणाखालचं अ‍ॅल्युमिनियम समुद्राच्या पाण्यात, मोजमापासाठी शून्य धरलेल्या चांदीच्या संदर्भ-इलेक्ट्रोडशी तुलना केली तर, उणे पाऊण व्होल्टच्या आसपास राहतं. जस्त उणे एकच्या आसपास. झाली की अदलाबदल!

याच्या पुढची गंमत मला सगळ्यात आवडते. अ‍ॅल्युमिनियममध्ये पाचेक टक्के जस्त आणि लाखात वीस भाग इंडियम नावाचा मऊ धातू मिसळला की तो पापुद्रा नीट धरतच नाही. असं मिश्र अ‍ॅल्युमिनियम उणे १.१ व्होल्टपर्यंत खाली येतं आणि पांघरूण घेतलेल्या अ‍ॅल्युमिनियमसाठी बळी जाऊ शकतं. भावाने भावाला वाचवावं तसं. शिवाय ते जस्तापेक्षा पुरवठ्याचं. जस्ताचा अणुभार ६५ आणि देतं दोन इलेक्ट्रॉन. अ‍ॅल्युमिनियमचा २७ आणि देतं तीन. भागाकार करा, वजनाच्या मानाने साडेतीनपट भरतं. प्रत्यक्षात किलोमागे जस्ताकडून सुमारे ७८० अँपिअर-तास मिळतात आणि या मिश्रणाकडून सुमारे २५००.

आमचं तळं मात्र गोड्या पाण्याचं. समुद्राचं पाणी अशा पाण्यापेक्षा साधारण शंभरपट चांगलं वाहक असतं. गोड्या पाण्यात आयनांची वाट अडखळत चालते, जस्तावर पांढरी पुटं चढतात आणि ते गप्प होतं. तिथे मॅग्नेशियम लागतं. त्याचा जोर दीड व्होल्टच्याही पुढे आहे. हे ऐकून मालवणातला माझा मावसभाऊ फोनवर म्हणाला, "मग आमच्या होडीकपण मॅग्नेशियमच लावया ना!" त्याला म्हटलं, नको रे बाबा. खाऱ्या पाण्यात ते भसाभस संपतं, वर अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागाशी पाणी अल्कधर्मी होतं. अ‍ॅल्युमिनियम आम्लातही विरघळतं आणि अल्कलीतही. पातेल्यात खाण्याचा सोडा घालून पाणी उकळलं की पातेलं काळवंडतं, ते आठव.

या सगळ्याची किंमत मोजली ती ब्रिटिश आरमाराने. १७६१ मध्ये 'अलार्म' या युद्धनौकेच्या लाकडी तळाला किडीपासून वाचवायला तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी तपासलं तर लोखंडी खिळे खाऊन गेलेले. लहानसे खिळे आणि भोवती एवढं मोठं तांबं, त्यामुळे सगळा भार खिळ्यांवर. जिथे पत्रा गुंडाळून आलेला तपकिरी कागद चुकून मध्ये राहिला होता, तेवढे खिळे शाबूत होते. पुढे हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये उलटा डाव टाकला: तांबं वाचवण्यासाठी लोखंडाचे तुकडे जोडायचे. त्यासाठी वापरलेल्या जहाजांपैकी 'समरंग' आपल्या कोचीत बांधलेलं होतं. तांबं छान वाचलं, पण तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटले आणि जहाजं मंदावली. तांबं थोडंथोडं विरघळत होतं, म्हणून तर त्या जीवांना विष मिळत होतं.

आमच्या ओट्याचं प्लायवूड कुजलं होतं. दुकानदाराने कीडरोधक प्रक्रिया केलेलं हिरवट प्लाय सुचवलं. अमेरिकेत घरगुती लाकडातून २००४ पासून आर्सेनिक हटवलं आणि बदली आलेल्या रसायनांत तांबं भरपूर. पावसाने ते निथळतं, खालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांवर तांब्याचे बारीक कण बसतात आणि प्रत्येक कण एकेक स्टेनलेस स्टीलचा धाकटा भाऊ होतो. आम्ही साधं मरीन प्लाय घेतलं, कडांना इपॉक्सी लावलं आणि पट्ट्यांवर रबरी फीत चिकटवली. ती फीत म्हणजे आमचा तपकिरी कागद.

इंजिनाचं नूतनीकरण सोपं निघालं. पाणी खेचणारं रबरी चक्र बदललं, कार्ब्युरेटर साफ केला. पेट्रोलच्या नळीवर चुंबक बसवा, पेट्रोल वाचेल, असा सल्ला दोघांनी दिला. पेट्रोलचे रेणू चुंबकाला जुमानत नाहीत, वाचतात ते फक्त चुंबक विकणाऱ्याचे पैसे. आई तेव्हा इथे आली होती. तिने दृष्ट लागू नये म्हणून कठड्याला तारेने लिंबू-मिरची बांधली. पावसात लिंबाचा रस तारेवरून ओघळला आणि आठवड्याने तार टेकली होती तिथे अ‍ॅल्युमिनियमवर पांढरा खरबरीत डाग. लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि मध्ये आम्ल. आईला घट समजावला. ती म्हणाली, "मग दोऱ्याने बांधायला हवं होतं."

खड्डे वेल्डरकडून बुजवून घेतले. इंजिन वापरात नसताना पाण्याबाहेर उचललेलं असतं, तेव्हा त्याची वडी नळांच्या काही कामाची नाही. म्हणून नळाच्या मागच्या पट्टीला, पाण्याखाली राहील अशी, मॅग्नेशियमची स्वतंत्र वडी लावली. लावण्यापूर्वी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली: ४१० ग्रॅम. सप्टेंबरअखेर बोट बाहेर काढली तेव्हा ती उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती. घासूनपुसून पुन्हा तोलली, ३४२. अडुसष्ट ग्रॅम, ग्रॅमला साधारण १.२ अँपिअर-तास, एकशेचाळीस दिवस: सरासरी चोवीस मिलिअँपिअर. एखादा छोटा एलईडी दिवा साधारण तेवढ्यावरच जळतो.