पाठीवरचा ब्लोअर घेताय? पानं उडवणारा वेगळा, औषध मारणारा वेगळा

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका अवजारांच्या दुकानात मी ब्लोअर मागितला, तेव्हा काउंटरवरच्या मुलानं लगेच विचारलं, "काका, कुठल्या पिकाला मारायचाय?"

म्हटलं, "पिकाला नाही रे, कॉलनीच्या ओपन स्पेसमधली पानं काढायची आहेत."

"मग ह्योच चालतोय की. टाकीत पाणी घालायचं नाही, नुसता वारा मारायचा."

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडं ब्लोअर म्हटलं की फवारणीचं यंत्रच डोळ्यांसमोर येतं. पलीकडं तासगावच्या द्राक्षपट्ट्यात तर ट्रॅक्टरमागं जोडलेल्या मोठ्या पंख्याच्या फवारणी यंत्रालाच ब्लोअर म्हणतात. त्यात पाठीवर घ्यायची ही दोन्ही यंत्रं दिसायलाही एकसारखी. खांद्यावर घ्यायचे पट्टे, खाली छोटं पेट्रोल इंजिन, त्याला लागून शंखाच्या आकाराचं पंख्याचं घर, उजव्या हाताखालून पुढं आलेली जाड नळी आणि चालू करायला ओढायची दोरी. शेजारीशेजारी ठेवली तर नवख्या माणसाला एकच फरक दिसेल : एकाच्या वर मोठी टाकी आहे, दुसऱ्याच्या वर नाही.

पण ती टाकी म्हणजे वरून बसवलेली जास्तीची सोय नव्हे, सगळं यंत्र तिच्यासाठीच बांधलेलं असतं. औषध मारणाऱ्या यंत्राला, म्हणजे मिस्ट ब्लोअरला, वारा हवा असतो तो द्रावण फोडायला. पंख्याच्या हवेतला थोडा भाग बारीक नळीतून टाकीत जातो आणि आतल्या द्रावणावर दाब देतो. त्या दाबानं द्रावण दुसऱ्या नळीतून तोंडापाशी येतं. तिथं जोरात चाललेली हवा त्याचे बारीक थेंब करते आणि दूर फेकते. आंब्याच्या शेंड्यापर्यंत किंवा वाढलेल्या उसात आतवर धुकं पोचतं ते यामुळं. किती द्रावण सोडायचं ते ठरवायला नळीवर एक कॉक असतो, आणि तोंडाच्या आत हवेच्या वाटेतच नोझल बसवलेलं असतं.

पानांच्या ब्लोअरमध्ये यातलं काही नसतं. इंजिनाची सगळी ताकद हवा ढकलण्यात जाते. पंखा मोठा, नळी रुंद, आत अडथळा नाही. त्याचं काम एकच, पुष्कळ हवा एका दिशेनं सोडणं, म्हणजे पानांचा थर जमिनीवरून उचलला जाऊन पुढं सरकेल.

आता "पाणी घालायचं नाही, नुसता वारा मारायचा" याचं काय होतं, ते आमच्या कॉलनीत घडलेलं सांगतो. सागरमाळाच्या बाजूला आमची साधारण पंधरा गुंठ्यांची मोकळी जागा आहे. कडेनं रेन ट्री आणि सोनमोहर, मधोमध मुलांचं खेळायचं ग्राउंड. फाल्गुन-चैत्रात जमीन दिसत नाही इतकी पानं पडतात. यंत्र विकत घ्यायच्या आधी आम्ही एकाच्या कागलकडच्या शेतातला मिस्ट ब्लोअर मागून आणला होता. टाकी दोनदा धुतली. पण टाकीपासून तोंडापर्यंतच्या नळीत राहिलेलं औषध कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि कॉक अर्धा उघडा होता. इंजिनाला रेस दिल्याबरोबर ते राहिलेलं कुंपणाच्या जास्वंदीवर गेलं. आठ-दहा दिवसांनी जास्वंदीचे नवे शेंडे पिळवटले, पानं वाटीसारखी वळली. त्या टाकीतून आधी उसातल्या तणावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं, हे नंतर कळलं. ऊस गवताच्या कुळातला, त्याला ते सोसतं. रुंद पानांच्या झाडांना अगदी थोडं लागलं तरी शेंडे असे पिळवटतात. त्या वेळी सकाळचे साडेसात वाजले होते आणि ग्राउंडवर मुलं नव्हती. असती तर, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही.

म्हणून माझं मत पक्कं आहे. ज्या यंत्रातून एकदा औषध मारलं, ते मुलं खेळतात तिथं, देवळाच्या आवारात किंवा धान्य वाळत घालायच्या जागी झाडलोटीला वापरू नये. टाकी कितीही धुतली तरी नळी, कॉक, रबरी वायसर यांत औषध राहतं. नवाकोरा मिस्ट ब्लोअर घेऊन फक्त पानांना वापरला तर विषाची भीती नाही हे खरं, पण मग जोर कमी पडतो.

हा जोर कसा मोजायचा, इथं बहुतेक गिऱ्हाईक फसतं. खोक्यावर दोन आकडे असतात. एक हवेचं प्रमाण, म्हणजे मिनिटाला किती घनफूट (सीएफएम) किंवा तासाला किती घनमीटर. दुसरा हवेचा वेग, तासाला मैलांत किंवा सेकंदाला मीटरमध्ये. सीएफएमला १.७ नं गुणलं की तासाचे घनमीटर मिळतात, मैलांना १.६ नं गुणलं की किलोमीटर. दुकानात वेगाचा आकडा मोठ्यानं सांगतात, कारण "तीनशे किलोमीटरचा वारा" ऐकायला भारी वाटतं. पण तोंड अरुंद केलं की वेग आपोआप वाढतो आणि हवा कमी होते. पानं ढकलतो तो या दोन्हींचा गुणाकार, आणि तो न्यूटनमध्ये मोजतात.

हिशेब सोपा आहे. समजा एक ब्लोअर तासाला १००० घनमीटर हवा सेकंदाला ९० मीटर वेगानं सोडतो. सेकंदाला हवा झाली ०.२८ घनमीटर. एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो, म्हणजे सेकंदाला ०.३३ किलो हवा. तिला ९० नं गुणलं की ३० न्यूटन, म्हणजे जवळजवळ तीन किलोचा रेटा. दुसरा ब्लोअर ५०० घनमीटर हवा १०० मीटर वेगानं सोडतो असं धरा. वेग जास्त, पण रेटा १७ न्यूटनच्या आत, जेमतेम निम्म्याच्या वर. मोकळ्या जागेतल्या वाळल्या पानांना पहिलाच घ्यावा. कागदपत्रात न्यूटनचा आकडा असेल तर बाकीचं सोडा, तोच बघा.

इंजिनाच्या सीसीवरूनही अंदाज येतो. साध्या मिस्ट ब्लोअरवर ४१.५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन सर्रास दिसतं. पाठीवरचे पानांचे मोठे ब्लोअर ६५ ते ८० सीसीपर्यंत जातात. एक नामांकित पाठीवरचा ब्लोअर, स्टिलचा बीआर ६००, ६४.८ सीसीचा आहे. पंधरा गुंठ्यांना तेवढा पुरेसा. दोन-तीन गुंठ्यांचं अंगण असेल तर मात्र यंत्राच्या नादी लागू नका. खराटा, दाताळं आणि एक ताडपत्री यांनी अर्ध्या तासात काम होतं.

वजनाचंही बघावं. पानांचा ब्लोअर साधारण दहा-बारा किलोंचा, आणि काम करताना पेट्रोल संपेल तसा हलकाच होतो. मिस्ट ब्लोअर रिकामा तेवढाच, पण टाकीत १२-१४ लिटर द्रावण भरलं की पाठीवर पंचवीस किलोंच्या घरात ओझं. फवारणी करणारा गडी दर टाकीला यंत्र खाली उतरवतो, म्हणून त्याचा पट्टा साधा असला तरी निभतं. पानांचा ब्लोअर सलग तासभर पाठीवर राहतो. त्याला कमरेचा पट्टा, पाठीला हवा लागेल अशी गादी आणि इंजिन व सांगाडा यांच्यामध्ये कंप शोषणारी स्प्रिंग किंवा रबर हवंच. दुकानात घालून, चालू करून, दहा मिनिटं फिरल्याशिवाय पैसे देऊ नका.

खोक्यावर पानांबरोबर बर्फाचंही चित्र असतं. कोल्हापुरात बर्फ गोळ्याच्या गाडीवरच दिसतो, पण आमच्या बहिणीचा मुलगा कॅनडात आहे, त्यानं या चित्राचा अर्थ नीट सांगितला. कडाक्याच्या थंडीत पडलेला ताजा, कोरडा, भुरभुरीत बर्फ दोन-तीन इंच असेल तर तो पायऱ्यांवरून आणि गाडीवरून ब्लोअरनं उडतो. शून्याच्या आसपास पडणारा ओला बर्फ किंवा पायाखाली तुडवला गेलेला बर्फ जागचा हलत नाही. त्याला फावडं, नाहीतर स्नो ब्लोअर. हा स्नो ब्लोअर पुन्हा वेगळंच यंत्र आहे, तो वारा मारत नाही, फिरत्या पात्यांनी बर्फ आत ओढून नळकांड्यातून लांब फेकतो. तेव्हा परदेशातल्या नातेवाइकांसाठी कुणी इंटरनेटवर यंत्र बघत असेल, तर नावावर जाऊ नये.

बर्फाचं हे गणित आपल्याला पावसाळ्यात उपयोगी पडतं. आषाढात पेवर ब्लॉकला चिकटलेलं ओलं पान म्हणजे त्यांचा ओला बर्फच. तिथं हवेच्या प्रमाणापेक्षा वेग लागतो. बऱ्याच ब्लोअरबरोबर चपटं, अरुंद तोंड मिळतं, ते लावून, जमिनीशी अगदी तिरकं धरून, पानाची कड उचलावी लागते. रेन ट्रीची चिमुकली पानं ओली झाली की तरीही निघत नाहीत. दोन दिवस उघडीप मिळाली की मगच यंत्र काढावं, उगाच पेट्रोल जाळू नये.

इंजिनाच्या बाबतीत दोन्ही यंत्रांची दुखणी एकच आहेत. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिली. कुठलं प्रमाण, ते त्या यंत्राच्या पुस्तिकेत असतं. "थोडं जास्त घाला, चांगलंच" हा सल्ला ऐकला की प्लग काळा पडतो आणि धूर सगळ्या कॉलनीला. कमी घातलं तर पिस्टन जाम.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमधून निघणारं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. ऊस उत्पादकाला त्याचा आधार आहे आणि ते राहावं असंच मला वाटतं. पण या छोट्या इंजिनांच्या बऱ्याच पुस्तिकांत १० टक्क्यांची मर्यादा लिहिलेली असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पेट्रोल महिनाभर टाकीत राहिलं की कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक होतो. म्हणून घेतानाच विचारा की हे यंत्र ई-२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर, चालेल असं कंपनी लेखी देते का, आणि कार्बोरेटरचं किट इथं मिळतं का. उद्यमनगरात इंजिनाची नस ओळखणारे मिस्त्री आहेत. पण पडद्याचं मापच बाजारात नसेल तर तेही काय करणार?

पैशाचा एक मुद्दा राहतो. फवारणीच्या पंपांसाठी शेतकऱ्याला सरकारी अनुदानाची वाट असते, पानांचा ब्लोअर त्यात बसत नाही. त्यामुळं "शेतीच्या नावावर घेऊ, पानंही उडवू" अशी टूम निघते. जास्वंदीचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

आवाज दोन्हींचा मोठा, चालवणाऱ्याच्या कानाशी शंभर डेसिबलच्या आसपास. कानावर मफ आणि डोळ्यावर गॉगल घातल्याशिवाय यंत्र चालवणाऱ्या आमच्या मामांना आम्ही ते उचलू देत नाही. दवाखाना आणि शाळा यांच्या शंभर मीटरच्या आतला भाग शांतता क्षेत्र असतो, तिथं खराटाच बरा. धूळ उडू नये म्हणून अर्ध्या रेसवर, वाऱ्याच्या दिशेनं, भिंतीकडून मोकळ्या जागेकडं जायचं आणि पानं ताडपत्रीवर घ्यायची. आमची पानं कोपऱ्यातल्या खड्ड्यात जातात, पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांचं खत होतं.

शेवटी आम्ही टाकी नसलेला ब्लोअरच घेतला. मे संपत आला की मामा त्यातलं पेट्रोल काढून घेतात, उरलेल्यावर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात, प्लग काढून आत दोन थेंब तेल सोडतात, दोरी हळू दोनदा ओढतात आणि यंत्र गणपतीच्या मांडवाच्या सामानाशेजारी, जमिनीपासून वर, फळीवर ठेवून देतात.