तुमच्या मजकुरात आम्ही ‘ली’ कधी लावतो, कधी काढतो
(इंग्रजी मजकूर तपासायला देणाऱ्या ग्राहकांसाठी)

तपासलेली फाइल परत गेली की हमखास विचारणा होते : “‘गुड’चं ‘वेल’ का केलंत? अर्थ तर तोच आहे ना?” अर्थ तोच, पण तो शब्द वाक्यात कोणाला चिकटलाय हे वेगळं. दर वेळी समासात एवढं लिहिणं होत नाही, म्हणून हे पत्रक.

गोंधळाचं मूळ बऱ्याचदा आपल्या मराठीत असतं. ‘ती चांगली गायिका आहे’ आणि ‘ती चांगली गाते’, दोन्हीकडे आपण ‘चांगली’च म्हणतो. एकदा तो शब्द गायिकेबद्दल सांगतो, एकदा गाण्याबद्दल, आणि आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही. इंग्रजीला वाटतं. गायिकेबद्दल बोलायचं तर विशेषण, ‘अ गुड सिंगर’. गाण्याच्या क्रियेबद्दल बोलायचं तर क्रियाविशेषण, ‘शी सिंग्ज वेल’. ‘शी सिंग्ज गुड’ गप्पांमध्ये ऐकू येतं. अर्जात किंवा अहवालात ते खटकतं. एक सुटका मात्र आहे : चांगला-चांगली-चांगलं हा फेरा इंग्रजी विशेषणाच्या मागे नाही.

तपासताना आम्ही प्रत्येक शब्दाला विचारतो, बाबा रे, तू कोणाबद्दल सांगतोयस? नामाबद्दल किंवा सर्वनामाबद्दल, तर विशेषण. क्रियापदाबद्दल, तर क्रियाविशेषण, आणि ते बऱ्याचदा विशेषणाच्या शेवटी ‘ली’ (-ly) लावून होतं : ‘अँग्री’चं ‘अँग्रिली’. पण ‘क्रियाविशेषण’ हे नाव जरा फसवंच आहे, कारण त्याचं काम क्रियेपाशी संपत नाही. ‘अ रिअली बिग हाउस’मधला ‘रिअली’ विशेषणाला, म्हणजे ‘बिग’ला जोर देतो. ‘शी स्पीक्स व्हेरी फास्ट’मधला ‘व्हेरी’ दुसऱ्या क्रियाविशेषणाला. कधी तर अख्खं वाक्य त्याच्या ताब्यात असतं. ‘हॅपिली, ही डिड नॉट डाय’ म्हणजे नशिबाने तो वाचला. ‘ही डिड नॉट डाय हॅपिली’ म्हणजे तो गेला, आणि सुखाने गेला नाही. शब्द तेच आहेत. फक्त जागा आणि एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला.

आता ‘ली’ काढण्याबद्दल. ‘लुक’, ‘फील’, ‘स्मेल’, ‘टेस्ट’, ‘साउंड’ ही क्रियापदं पुष्कळदा नुसती जोडणी करतात. मागून येणारा शब्द कर्त्याचं वर्णन करतो, म्हणून तिथे विशेषण हवं. ‘द फ्लॉवर्स स्मेल स्वीट’, ‘स्वीटली’ नाही. फुलं काही वास घेत बसलेली नाहीत. पण हीच क्रियापदं खरी कृती दाखवतात तेव्हा ‘ली’ परत येतो. ‘शी लुक्ड अँग्री’ म्हणजे ती रागावलेली दिसली. ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट द स्क्रीन’ म्हणजे तिने स्क्रीनकडे रागाने पाहिलं. शंका आली तर क्रियापदाच्या जागी ‘इज’ किंवा ‘वॉज’ ठेवून वाचा. वाक्य उभं राहिलं तर विशेषण ठेवा.

‘ली लावला की झालं क्रियाविशेषण’ हा नियम शाळेतून डोक्यात बसतो आणि तोच घात करतो. आमच्याकडे आलेल्या एका नोकरीच्या अर्जात वाक्य होतं : ‘आय ऑल्वेज वर्क हार्डली.’ लिहिणाऱ्याने नियम प्रामाणिकपणे पाळला होता. पण ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच! मेहनतीसाठी ‘हार्ड’ जसाच्या तसा चालतो. ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे हल्ली. ‘निअर’ जवळ, ‘निअरली’ जवळजवळ. उलट ‘फ्रेंडली’, ‘कॉस्टली’, ‘लोन्ली’ यांच्या शेवटी ‘ली’ असूनही ती विशेषणंच. म्हणून ‘ही टॉक्ड फ्रेंडली’ आम्ही ‘इन अ फ्रेंडली वे’ असं करून देतो.

राहिला ‘ओन्ली’. आपला ‘च’ ज्याचा त्यालाच चिकटतो : ‘आम्हीच स्पेलिंग तपासतो’, ‘आम्ही स्पेलिंगच तपासतो’. इंग्रजीतला ‘ओन्ली’ सुटा हिंडतो. ‘ओन्ली वी चेक द स्पेलिंग’ म्हणजे ते काम दुसरं कोणी करत नाही. ‘वी चेक ओन्ली द स्पेलिंग’ म्हणजे बाकी काही आम्ही पाहत नाही. करारात किंवा नोटिशीत असा फरक महागात पडू शकतो. तुमच्या मनात कुठला अर्थ आहे हे आम्हाला मजकुरावरून कळत नाही, म्हणून अशा ठिकाणी आम्ही शब्द हलवत नाही. पिवळी खूण करून दोन्ही अर्थ मराठीत लिहितो. हवा त्या अर्थावर टिक करून फाइल परत पाठवा.