नदी-तलावाकाठचं रान साफ आणि लेव्हल करण्याआधी

नमस्कार. पाडवा झाला की सीना-भीमाकाठच्या गावांतून आम्हाला एकाच कामाचे फोन सुरू होतात : “काठाची झाडी काढा, रान लेव्हल करून द्या, मृगाच्या आत.” जेसीबी आमच्याकडे आहे आणि काम दोन दिवसांचं आहे. पण मशीन लावण्याआधी एवढं वाचाच, ही कळकळीची विनंती.

सीआरझेड लागतो का, असं काहीजण विचारतात. तो समुद्र आणि खाडीकाठाचा नियम, सोलापूरला लागत नाही. इथले नियम वेगळे आहेत.

आधी हद्द. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 20 प्रमाणे नदी, ओढा, तलाव यांचा तळ सरकारी मालकीचा आहे. पात्र सरकत राहतं, त्यामुळे सातबारा हातात असूनही आपलं रान नेमकं कुठे संपतं ते नजरेनं कळत नाही. मोजणी करून खुणा रोवून घ्या. उजनी धरणाच्या फुगवट्यात गाळपेर जमीन (पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी) हंगामापुरती, पिकासाठी मिळते. धरणाची पूर्ण संचय पातळी 496.83 मीटर आहे; तिच्या खाली आम्ही भराव टाकून देत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

झाडांचा कायदा 1964 चा. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन, अंजन ही अनुसूचीतली काही झाडं. ती स्वतःच्या बांधावर असली तरी तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. शहराच्या हद्दीत 1975 चा कायदा आहे, तिथे झाडाची जात कुठलीही असो, महापालिकेला विचारावंच लागतं.

मातीचा हिशेब बहुतेकांचा इथेच चुकतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. एका एकरावरून फक्त अर्धा फूट थर काढला तरी जवळपास 218 ब्रास माती निघते. ती गटाबाहेर न्यायची तर तहसीलचा परवाना आणि वाहतूक पास हवा. विनापरवाना गौण खनिजाला (मातीही त्यातच येते) बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, शिवाय मशीन आणि डंपर जप्त होतात. रानात माती भरायचीच असेल तर ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तलावातला गाळ रीतसर आणा. वाळूला मात्र त्यात हात लावता येत नाही.

पूररेषा जिथे आखली आहे तिथे निळ्या रेषेच्या (साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषेच्या) आत बांधकाम किंवा भराव करता येईल असं धरून चालू नका. आपल्या रानात टाकलेला भराव पुराचं पाणी शेजाऱ्याच्या उभ्या उसात ढकलतो.

आता आमची चूक सांगतो. सीनाकाठच्या एका गटात मालकांच्या सांगण्यावरून आम्ही काठाची निरगुडी आणि करंज मुळासकट उपटले, उतार अगदी पाण्यापर्यंत गुळगुळीत करून दिला. रान देखणं दिसत होतं. सप्टेंबर 2025 च्या पुरात नेमका तेवढाच काठ कोसळला. काळ्या मातीचे ढेकळागत तुकडे पात्रात पडत होते आणि कडेचा पाइप अधांतरी लोंबकळत होता. शेजारच्या गटात करंज उभे होते, त्यांच्या मुळ्या उघड्या पडल्या, पण काठ जागेवर राहिला. तेव्हापासून काठाची झाडी आम्ही मुळासकट काढत नाही. वेडी बाभूळ काढायची असेल तर जमिनीलगत छाटतो, खुंट आणि मुळं तशीच ठेवतो. लेव्हल करताना उतार नदीकडे सरळ न सोडता आडवा ताल (मातीचा बांध) घालतो, म्हणजे पाणी थांबतं आणि माती रानातच राहते. याला अर्धा दिवस जास्त लागतो. त्याचे पैसे वेगळे घेत नाही.

काम सांगायला येताना सातबारा, गटाचा नकाशा, मोजणीची ‘क’ प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) आणि झाडांचे मोबाईलवर काढलेले फोटो आणा. कुठला अर्ज कुठे करायचा ते बसून सांगू, लिहूनही देऊ. मोजणीला वेळ लागतो, म्हणून उन्हाळ्यात काम हवं असेल तर अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका.