बीएमआय २५च्या आत म्हणजे बिनधास्त? आपल्याकडे नाही

‘बीएमआय २५च्या आत आहे ना, मग खा बिनधास्त.’ जिममध्ये, ऑफिसात विशी-तिशीतल्या पोरांना हा सल्ला सर्रास मिळतो. (बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं.) भारतीय वंशाच्या पुरुषाला तो लागू पडत नाही.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! वजनकाट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, एवढं त्या एका फोटोत दिसतं.

बरं, हा सगळा वडापावचा दोष नाही. पुणे परिसरातल्या खेड्यांत जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, पण पाठीवरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे सुरुवात आईच्या पोटातच होते. नुसतं ‘जनुकांमध्येच आहे’ म्हणून हात झटकणंही बरोबर नाही. गरोदर बाईला काय खायला मिळतं, हाही प्रश्न आहे.

भारतीय तज्ज्ञांनी २००९मध्ये २३च्या पुढे जादा वजन आणि २५पासून लठ्ठपणा धरला. १७० सेंटिमीटर उंचीला २३ म्हणजे साधारण साडेसहासष्ट किलो. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी. ती टेपने मोजा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. पँटच्या नंबरावर जाऊ नका, पँट पोटाखाली सरकलेली असते.