चौकोनी सँडर, गोल सँडर आणि आखाजीची बंगई

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आमच्या खान्देशात बंगया, म्हणजे झोपाळे, दुरुस्तीला निघतात. लेकी माहेरी येणार, झोके बांधले जाणार, मग ओसरीत धूळ खात पडलेली सागवानी फळी सगळ्यांना एकदम आठवते. अशाच एका बंगईवर मी चौकोनी सँडर, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करायचं मशीन, मनसोक्त फिरवला होता. कोऱ्या लाकडावर हात फिरवून पाहिला, कुठे खोट लागेना. गडद रंगाचा पहिला हात मारला मात्र, फळीभर बारीक बारीक वेटोळी उठली. मालक चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "हाई काय करी टाकं भाऊ?"

सँडर चौकोनी तळाचा मिळतो तसा गोल तळाचाही. दुकानात दोन्ही मशीनना सर्रास 'ऑर्बिटल' म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो. चौकोनी ते जुनं आणि गोल ते नवं, एवढंच गिऱ्हाईक धरून चालतं. आकार वेगळा आहे खरा, पण वेटोळी उठतात ती आकारामुळे नाहीत.

दोन्हींत पॉलिश पेपर लावायचा तळ मोटरच्या दांड्यावर मध्य सोडून किंचित बाजूला बसवलेला असतो. चौकोनी मशीनमध्ये तो रबरी पायांनी बॉडीला धरलेला असल्यामुळे स्वतःभोवती फिरू शकत नाही, जागच्या जागी एवढीशी वर्तुळं काढत थरथरतो. भिंत पुसताना हात गोल फिरतो पण पंजा सरळच राहतो ना, तसं. पेपरावरचा प्रत्येक कण तेच ते दीड-दोन मिलिमीटरचं कडं मिनिटाला हजारो वेळा गिरवतो. आपण मशीन पुढे सरकवतो आणि कड्यांची साखळी होते.

गोल मशीनचा तळ बेअरिंगवर मोकळा असतो. वर्तुळं तोही काढतोच, पण काढता काढता लाकडाच्या घर्षणाप्रमाणे स्वतःभोवतीही वळत राहतो. त्यामुळे एका कणाची वाट पुन्हा तीच येत नाही. ओरखडे पडतातच, फक्त विखुरतात आणि डोळ्याला त्यांची नक्षी सापडत नाही. मकिता कंपनीचेच दोन घ्या: चौकोनी बीओ ४५५६ हे २०० वॅटचं, मिनिटाला १४,००० फेरे, वेग कमीजास्त करायची सोय नाही. गोल बीओ ५०३१ हे ३०० वॅटचं, १२५ मिलिमीटर तळाचं, वेग ४,००० ते १२,०००. म्हणजे फेरे चौकोनीचे जास्त, तरी लाकूड भराभर काढतं ते गोलच.

आता मोकळेपणाची किंमत. गोल मशीन चालू ठेवून हवेत उचललं की तळाला अडवणारं काही उरत नाही, तो भन्नाट फिरायला लागतो. तसाच लाकडावर टेकवला की अर्धचंद्राची खोच पडते. हे टाळायला बऱ्याच मशीनमध्ये तळाला घासणारी रबरी कडी असते, ती ब्रेकचं काम करते. ती झिजते. झिजली तरी मशीन चालतंच, म्हणून कोणी बघत नाही आणि दोष पेपरला देतात. जुनं गोल मशीन घेत असाल तर चालू करून हवेत धरा. तळ पंख्यासारखा गरगरला तर कडी संपली समजा.

दुसरी चूक आपल्या सवयीची. रंध्यावर भार द्यायचा हात इथेही जोर देतो. दाबलं की तळाचं वळणं थांबतं आणि महागडं मशीन निव्वळ थरथरत राहतं, म्हणजे पुन्हा तीच वेटोळी! वर उष्णतेने तळाचं वेल्क्रो वितळतं ते वेगळंच. मशीनचं स्वतःचं वजन पुरतं, हाताने फक्त दिशा द्यायची, तीही सावकाश.

मग चौकोनी मशीन भंगारात काढायचं का? मी नाही काढलं. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात गोल तळ जाऊच शकत नाही आणि अरुंद पट्टीवर तो कडा गोलसर करून टाकतो. सीलरच्या, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या थराच्या, दोन हातांमधलं हलकं घासकाम, ३२० नंबरच्या बारीक पेपरने, चौकोनीच छान करतं. शिवाय पेपर स्वस्त पडतो: बाजारातल्या अख्ख्या पॉलिश पेपरचे चार तुकडे केले की चार वेळा काम निघतं. गोलला वेल्क्रोच्या तयार चकत्या लागतात. त्यांची भोकं तळाच्या भोकांवर नीट बसवली नाहीत तर धूळ पिशवीत न जाता तुमच्या नाकात जाते. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे, तेव्हा रुमाल बांधून भागवू नका, मास्क लावा.

नव्यातलं नवं म्हणजे बॅटरीवरचे, मोटरमध्ये झिजणारे कार्बन ब्रश नसलेले सँडर. लाइट गेली तरी काम थांबत नाही, हे आमच्याकडे मोठं सुख. पण लाकडावर पडणारा ओरखडा तळाच्या चालीवर ठरतो, मोटर कोणती आहे त्यावर नाही.

रंग लावण्याआधी आता मी फळी ओल्या फडक्याने पुसतो आणि टॉर्च आडवी धरतो. वेटोळी असतील तर तिथेच दिसतात. त्या बंगईचा रंग मात्र मला पुन्हा काढावा लागला. १२० नंबर गोल मशीनवर, मग १८० नंबर ठोकळ्याला गुंडाळून लाकडाच्या रेषेरेषेने, हाताने. साखळ्या लागल्या त्या आखाजीच्या आदल्या संध्याकाळी.