लघुत्तरे तपासणारा रेगेक्स आला कुठून?

पर्यायी प्रश्न तपासणे संगणकाला सोपे. विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहिली की पंचाईत सुरू होते, आणि ती इंटरनेटपेक्षा जुनी आहे. तिच्यावरचा एक उपाय म्हणजे रेगेक्स: मजकुरात हवा तो साचा सापडतो का, हे संगणकाला सांगणारी चिन्हपद्धती.

इलिनॉय विद्यापीठात १९६० साली प्लेटो ही संगणकावर शिकवणारी प्रणाली सुरू झाली. तिच्यासाठी पुढे पॉल टेन्झार यांनी केलेल्या ट्यूटर भाषेत शिक्षकच उत्तराचा साचा लिहून देई: अमुक भरतीचे शब्द आले तर सोडून द्या, या गटातला एक शब्द हवा, मग त्या गटातला एक. हा रेगेक्स नव्हे; विचार मात्र तोच.

रेगेक्सचे मूळ परीक्षेपासून फार लांब आहे. मेंदूतील चेतापेशींचे गणिती प्रतिरूप मॅककलक आणि पिट्स यांनी १९४३ मध्ये मांडले. अशी जाळी काय ओळखू शकतात, हे सांगायला तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये ही चिन्हपद्धती काढली. केन थॉम्पसन यांनी ती मजकूर शोधण्याच्या कामी आणली. १९६८ मध्ये त्यांचा लेख आला, मग युनिक्स या संगणक प्रणालीवर ग्रेप ही मजकूर शोधणारी आज्ञा. १९८७ च्या पर्ल या संगणकभाषेने ती घरोघरी पोचवली.

२००२ साली आलेल्या मूडल या ऑनलाइन शिक्षण प्रणालीच्या लघुत्तर प्रश्नात फक्त तारांकन (*, म्हणजे 'इथे काहीही चालेल') चाले. पूर्ण रेगेक्स नंतर प्लगइनमधून, म्हणजे वेगळ्या जोड-सॉफ्टवेअरमधून आला.

खरी कसोटी ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात लागली. तिथला एक प्रश्न असा: हिमकण स्थिर वेगाने खाली येतो आहे, तर त्यावरील बलांबद्दल काय सांगाल? 'संतुलित' एवढाच शब्द शोधला तर 'असंतुलित' लिहिणाराही पास. उलट 'असंतुलित बल नाही' हे बरोबर. सॅली जॉर्डन आणि फिलिप बुचर यांनी २०१० मध्ये माणसे, भाषाशास्त्रीय सॉफ्टवेअर आणि साधी नमुना-जुळणी यांची तुलना केली, तेव्हा साधी जुळणी मागे पडली नाही. माझ्या मते श्रेय चिन्हांपेक्षा विद्यार्थ्यांच्या खऱ्या उत्तरांना जाते; नमुने त्यांवरूनच घडवले होते.

मराठीत आणखी एक खोड आहे. पायथॉन या संगणकभाषेचे नेहमीचे रेगेक्स मॉड्यूल काना, वेलांटी, उकार यांना अक्षरांत धरत नाही, त्यामुळे शब्दाची सीमा शब्दाच्या मधेच पडते. 'कण' हा स्वतंत्र शब्द शोधा, 'कणीक' लिहिणाऱ्यालाही गुण मिळतात.