मक्याच्या वायूला ‘माल’ म्हणायचे का?

इथेनॉलच्या कारखान्यात मक्याची साखर आंबते तेव्हा वजनाने जवळपास निम्म्या साखरेचे अल्कोहोल होते, उरलेली कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. अमेरिकेतला हिशेब बुशेलचा: २५.४ किलो मक्यामागे सुमारे ११ लिटर इथेनॉल आणि साडेसात किलोच्या आसपास वायू. (आपल्या मळीच्या डिस्टिलरीतही हेच घडते.) हा वायू जवळजवळ शुद्धच असतो. वीजकेंद्राच्या धुरातून तो वेगळा काढायचा खर्च इथे नाही. पाणी काढायचे, दाबायचे, पाइपात सोडायचे. पाणी मात्र नीट काढावेच लागते, नाहीतर आम्ल होऊन पोलाद आतून खाल्ले जाते.

अमेरिकेच्या २०२२ च्या कायद्याने जमिनीखाली कायमचा गाडलेल्या वायूवर टनामागे ८५ डॉलरची करसवलत मिळाली, आणि २०२१ मध्ये आखलेल्या पाइपलाइनींचे गणित आणखी फायद्याचे झाले. त्यातली सर्वांत मोठी पाच राज्यांतले पन्नासहून अधिक कारखाने नॉर्थ डकोटातल्या वायू गाडण्याच्या जागेशी जोडणार होती. लांबी सुमारे ४,००० किलोमीटर.

खरा गुंता ‘सार्वजनिक वाहक’ या शब्दाचा. ज्याच्या पाइपातून भाडे भरून कोणीही आपला माल नेऊ शकतो, तो सार्वजनिक वाहक. शेताचा मालक नाही म्हणाला तरी अशा वाहकाला शेतातून पाइप नेण्याचा हक्क सक्तीने घेता येतो. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते. आपल्याकडे १९६२ च्या पाइपलाइन कायद्यातला वापरहक्क असाच. टेक्सासात १९७२ पासून हा वायू जमिनीतले उरलेले तेल बाहेर काढायला पाइपातून तेलविहिरींकडे जातो, पण तिथे त्याला गिऱ्हाईक आहे, म्हणून तो माल. जो वायू फक्त गाडायचा, ज्याला विकत घेणारा कोणी नाही, त्याला माल कसे म्हणायचे? साउथ डकोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये नेमके हेच विचारले: त्या मोठ्या पाइपलाइनची कंपनी सार्वजनिक वाहक असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे सांगून प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठवले. मार्च २०२५ मध्ये त्या राज्याने अशा पाइपलाइनींसाठी सक्तीचा हक्कच कायद्याने बंद केला. आयोवाने त्याआधी, जून २०२४ मध्ये, उलट परवानगी दिली होती; शेजारच्या डकोटा राज्यांची मंजुरी येईपर्यंत काम सुरू करायचे नाही, या अटीवर.

विरोध करणारे पुष्कळसे इथेनॉल कारखान्यालाच मका घालणारे आहेत, हे विसरले जाते. त्यांची तक्रार जमिनीच्या पोटातली. आयोवात शेताखाली निचऱ्याच्या नळ्यांचे जाळे असते. चर खणताना एक नळी तुटली आणि नीट जोडली नाही की वरच्या बाजूला पाणी साचते. अवजड यंत्रांखाली दबलेल्या पट्ट्यात उत्पन्न काही वर्षे कमीच येते.

दुसरी भीती फुटण्याची. फेब्रुवारी २०२० मध्ये मिसिसिपीत पावसाने टेकडीची माती सरकली आणि २४ इंची पाइपचा सांधा तुटला. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळे तो सखल भागात पसरला. प्राणवायूअभावी गाड्यांची इंजिने बंद पडली, निघायचे कसे हाच प्रश्न झाला. सुमारे २०० जणांना हलवले, ४५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले.

लांब पाइप नसलेला मार्गही आहे. नॉर्थ डकोटात एक कारखाना २०२२ पासून आपला वायू जवळच्याच विहिरीतून सुमारे दोन किलोमीटर खाली सोडतो. तिथेही सक्ती सुटलेली नाही: वायू जिथे साठतो त्या खडकातल्या पोकळीच्या ६० टक्के मालकीची संमती मिळाली की उरलेल्यांनाही त्यात ओढता येते.